सोपानचा जोडीदार

खोलीतला जोडीदार म्हणजे पाहुणा की घरचा माणूस? कॉलेजला निघताना सोपानने हे आईला विचारलं, मास्तरांना विचारलं, एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं. कंडक्टरने तिकीट दिलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

आमच्या गावात एकच भोळा होता आणि तो नेमका आमच्या घरात होता. सोपान, माझा मोठा भाऊ. मागच्या महिन्यात तापाने गेला. तेव्हापासून सगळे म्हणतात, पोरगं गुणाचं होतं. जिवंत होता तेव्हा हेच लोक त्याला बैल म्हणायचे. गुणाचा होता, खरंय. डोक्याचा नव्हता.

शहरात घरमालकीणबाईंनी अट घातली, "खोली दोघांना देते. एकटा मुलगा ठेवत नाही. जोडीदार नसेल तर गावाला जा."

आई फोनवर म्हणाली, "तीन वर्षांचा प्रश्न आहे. ताईचं स्थळ बघितलं तसं नीट बघून घे."

सोपानने तसंच बघितलं. हर्षल नावाचा मुलगा खोली बघायला आला. सोपानने त्याला पोहे दिले आणि विचारलं, "स्वयंपाक येतो?"

"थोडा."

"जरा चालून दाखवा."

हर्षल हसत हसत चालला. त्याला वाटलं, मुलगा विनोदी आहे. अशी त्याची फसवणूक झाली.

बाई म्हणाल्या, "आता दोघं घरच्यासारखे राहा."

घरी सोपान माझा शर्ट घालायचा, माझ्या ताटातलं उचलायचा आणि मी झोपलो असलो की पांघरूण ओढायचा. हे सगळं त्याने पहिल्याच सकाळी हर्षलला करून दाखवलं.

हर्षल ओरडला, "मला विचारल्याशिवाय माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही!"

"बरं," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हर्षल शेगडीवर दूध ठेवून खालच्या सलूनमध्ये दाढीला गेला. दूध उतू गेलं. पातेलं हर्षलचं. सोपान धावत सलूनमध्ये गेला आणि रांगेत बसला. पुढे दोन गिऱ्हाईकं होती. नंबर आल्यावर त्याने खुर्चीतून उठणाऱ्या हर्षलला विचारलं, "तुमच्या पातेल्याला हात लावू का?"

वर खोलीत धूरच धूर. हर्षलने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, धूर दिसला की विचारत बसायचं नाही. बादली उचलायची आणि ओतायची!"

"बरं."

रविवारी हर्षलचे वडील आले. हर्षल चहाचं दूध आणायला गेला. वडिलांनी खाटेवर बसून बिडी पेटवली. सोपानला धूर दिसला. त्याने विचारलं नाही.

हर्षल परत आला तेव्हा वडील निथळत उभे होते. विझलेली बिडी तोंडातच होती.

"वडील आहेत ते माझे!" हर्षल टॉवेल शोधत ओरडला. "घरी आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालायचं असतं. जेवल्याशिवाय दाराबाहेर सोडायचं नसतं. एवढं तरी शिक! उद्या अकराला माझा फेरपरीक्षेचा शेवटचा पेपर आहे. तो दिला की मी ही खोली सोडली."

जिन्यातून बाई म्हणाल्या, "तो गेला की तूही पेटी भर रे."

सोपान घाबरला. हर्षल गेला तर खोली जाणार, खोली गेली तर कॉलेज जाणार. आता एकही चूक करायची नाही, असं त्याने ठरवलं.

सोमवारी सकाळी दहाला हर्षल पायात चपला घालायला लागला.

"जेवलात?" सोपानने विचारलं.

"नाही. येतो आता."

सोपान पटकन बाहेर गेला आणि बाहेरून कडी लावली. मग तो बाजारात गेला. हरभऱ्याची डाळ आणली, गूळ आणला. बाईंच्या चुलीवर डाळ शिजत घातली, पुरण वाटलं. आतून दार धडधड वाजत होतं. बाईंनी विचारलं, "कोण रे?"

"पाहुणे. भूक लागली असेल."

अडीच वाजता त्याने कडी काढली. हर्षल दाराशी खाली बसला होता. हातात हॉल तिकीट, डोळे लाल. सोपानने पाट मांडला, पोळीवर तुपाची धार सोडली, पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. मग चपला उचलून हर्षलच्या पायांपुढे नीट ठेवल्या आणि प्रेमाने म्हणाला, "आता खुशाल जा. पेपरला उशीर नको."