सोंगाडीच्या ओठावरचा मध

हात लावू नका, नुसतं बघा. कड्याच्या काठाला ही काळसर, लाल काठाची फुलं दिसतात ना, त्यांना आमच्याकडे सोंगाडी म्हणतात. मधोमध ठिपका असा, की लांबून वाटावं माशीच बसलीय. आपलंच कुणी बसलंय म्हणून दुसरी माशी येते, आत शिरते आणि उपाशी परत जाते. मध नाहीच त्यात, टिपूससुद्धा!

फार मागं इथल्या ठाकरवाडीत चिमी नावाची बाई होती, असं सांगतात. तिचा नवरा हैबती या कड्यावरची आग्या माश्यांची पोळी काढायचा. पहिला मध देवीला वाहायचा मान त्याचा. वरून दोर धरायचा चिमीचा भाऊ धावजी. दोर मेहुण्यानंच धरायचा, ही आमची रीत. सख्ख्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? खाली लोंबकळणाऱ्याला वरचा माणूस दिसत नाही, दिसतो तो त्याच्या घोंगडीचा काठ. धावजीच्या घोंगडीला चिमीनं लाल काठ शिवला होता. तो दिसला की हैबती निर्धास्त.

हैबतीचा जिवलग होता लाडकू, एका ताटात जेवलेला. पण हैबतीचा तो मान त्याच्या डोळ्यांत सलायचा म्हणे. त्या सकाळी धावजी तापानं घरीच पडला, हे एकट्या लाडकूला ठाऊक. काठ उसवला म्हणून घोंगडी शिवायला चिमीकडंच होती. लाडकू दारात येऊन म्हणाला, "वहिनी, धावजी कड्यावर बसलाय. वारा गार आहे, घोंगडी मागितलीय."

चिमीनं दिली. "दोर नीट धर म्हणावं," एवढंच बोलली.

हैबती आडवाटेनं कड्यातल्या कपारीत जाऊन दोराची वाट बघत होता. वरून दोर आला, लाल काठ दिसला, आणि त्यानं सगळा भार दोरावर टाकला. लाडकूनं दोर सोडून दिला.

वाडीत आकांत झाला. धावजी फणफणत्या तापात उघड्या अंगानं धावत आला. त्याच्या खांद्यावर घोंगडी नाही हे बघितलं आणि चिमीला सगळं उमगलं. "अगं आई गं, माझ्याच हातानं दिली!"

ती तशीच कड्यावर गेली. लाडकू घोंगडी पांघरून तिथंच होता. "केसानं गळा कापलास रे! असाच ऱ्हा इथं, दुसऱ्याचं सोंग घेऊन. तुझ्या पोटात गोड थेंब म्हणून नसेल!" लाडकू जागच्या जागी मातीत गेला, आणि तिथं हे फूल उगवलं म्हणे.

शाप खरा झाला. पण माश्या यायच्या, रिकाम्या निघायच्या आणि शेजारच्या फुलावर पुन्हा फसायच्या. चिमीला ते बघवेना. "शिक्षा त्याला दिली, आणि फसतायत या बिचाऱ्या. माझ्यासारख्याच." हैबतीनं आणलेला मध घरात थोडा उरला होता. तो आणून तिनं फुलाफुलावर थेंब ठेवला.

आजही मेहुणा कड्यावर बसतो तो उघड्या अंगानं, थंडी कितीही पडो. त्यानं बहिणीचं नाव घेतल्याशिवाय खालचा माणूस दोराला हात लावत नाही. आणि पहिला मध देवीच्याही आधी सोंगाडीला. घरची बाई येते, फुलावर थेंब ठेवते आणि वाट बघत बसते. एक तरी माशी पोट भरून गेली, की मगच ती घरी जायला उठते.