इशारा कुणी द्यायचा?

जंगलांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. डोंगरावर हत्तीचा दरबार होता आणि खाली ओढ्याकाठी चितळांचा कळप चरायचा. बिबट्या आला की इशारा द्यायचं काम दरबाराचं. दरबारानं झाडावर बसवलेल्या वानराला बिबट्या दिसायचा, मग ते ओरडायची परवानगी आणायला डोंगर चढायचं. ते परत येईपर्यंत एखादं पाडस गेलेलं असायचं.

शेवटी चितळांनी भांडून ते काम ओढ्यावर आणलं. कळपाचा म्होरक्या स्वतः राखणीला उभा राहिला. पण पलीकडच्या काठावर त्याच्याशी वाकडं असलेली चितळं चरायची. तिकडे बिबट्या आला की हा झाडाला शिंगं घासत बसायचा. पाडसं जातच राहिली.

मग रोज वाद. अर्धा कळप म्हणे दरबारच बरा होता, अर्धा म्हणे ओढाच बरा.

एका संध्याकाळी असाच वाद रंगलेला असताना टिटवी जीव तोडून ओरडायला लागली. पाडसाला चाटत असलेली रेवा चितळीण दचकली. "पळायचं का हो?" तिनं विचारलं.

"थांब," म्होरक्या म्हणाला. "काय गं टिटवे, तू दरबाराची की ओढ्याची?"

"कुणाचीच नाही, बाबा! वाळूत माझी अंडी आहेत म्हणून ओरडतेय. पळा!"

"कुणाचीच नाही म्हणे!" सगळा कळप हसला. रेवाही थांबली.

सकाळी नवा वाद पेटला, की रेवाचं पाडस नेमकं कुणाच्या चुकीनं गेलं. रेवा त्यात नव्हती. ती दबलेलं गवत हुंगत फिरत होती. वर टिटवी पुन्हा ओरडत होती, आणि कुणीही मान वर करत नव्हतं.