वारा न लागणारे निशाण

एका राज्यात सात वर्षे वारा म्हणून वाहिला नव्हता. खळ्यात मळलेले धान्य पडून राही, उफणता येत नसे. चुलीचा धूर छपरावरच बसून राही. आणि किनाऱ्यापासून कोसभर आत तेरा गलबते जागच्या जागी उभी होती. वल्ही मारली तरी ती हलत नसत. मदतीला गेलेली होडीही त्यांच्याशेजारी खिळून जाई. शापात अडकलेल्यांना तहानभूक लागत नसे आणि त्यांचे वयही वाढत नसे, एवढेच काय ते बरे.

त्यातल्या एका गलबतावर सगुणेचा नवरा, हरबा तांडेल होता. सगुणा गलबतांची शिडे रंगवीत असे. तिनेच रंगवलेले पिवळे शीड तिला रोज दारातून दिसे आणि रोज ते डोलकाठीला लोंबत असे.

हे सारे एका निशाणापायी झाले होते. थोरल्या महाराजांनी, उग्रसेनांनी, गडावर नवे निशाण चढवले होते. सूर्यावर पाय रोवून डरकाळी फोडणारा वाघ. त्यापुढे सर्वांनी मान लववावी, हसेल त्याला फटके, अशी आज्ञा होती. चिताऱ्याने घाई केली आणि वाघ पोट दुखणाऱ्या मांजरासारखा उतरला. कालजंघ नावाचा मांत्रिक त्या वाटेने चालला होता. तो हसला. त्याच्या पाठीवर कोरडा ओढला गेला.

जाताना तो म्हणाला, "ज्या निशाणापुढे मी आपखुशीने मान लववीन, ते या काठीवर चढेपर्यंत इथे वारा येणार नाही."

त्याच क्षणी वाघ ओल्या फडक्यासारखा काठीला चिकटला.

उग्रसेन वारले, त्यांचे पुत्र धवलसेन गादीवर आले. त्यांनी दवंडी पिटवली, की नवे निशाण कसे असावे ते प्रजेने सुचवावे. प्रजेने ते फारच मनावर घेतले. माळ्यांनी देठासकट वांगे सुचवले. कुंभारांनी गाढव सुचवले, त्याची सेवा प्रधानांपेक्षा जुनी म्हणून. न्हाव्यांनी आरसा लावा म्हटले, म्हणजे शत्रू आपलेच तोंड पाहून पळेल. पंतोजींनी एकोणतिसाचा पाढा पाठवला. सासुरवाशिणींनी एक मिटलेले तोंड पाठवले, कोणाचे ते लिहिले नाही. एका गावाने कोरेच कापड धाडले आणि कळवले, की आम्ही दमलो आहोत, तुम्हीच काढा.

प्रधानांनी हा राजद्रोह ठरवला. राजाने मात्र सगुणेला बोलावून सगळी चित्रे कापडावर उतरवायला सांगितली. गाढव रंगवताना सगुणा सात वर्षांत प्रथमच हसली, आणि समुद्राकडे लक्ष जाताच तिला त्या हसण्याची लाज वाटली. एकेक कापड काठीवर चढले. एकही हलले नाही.

तेव्हा रंगाच्या हंड्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "काठीला काय दाखवतेस? ज्याची मान लववायची आहे, त्याला दाखव."

सगुणेने कापडांचे गाठोडे बांधले आणि कालजंघ राहत होता त्या काळ्या डोंगरावर ती गेली. मांत्रिक कातळाजवळ बसला होता, पण पाठ टेकत नव्हता. त्याने तिला तीन कामे सांगितली.

पहिले, त्याच्याच शापाने बांधलेल्या खजिन्यातून सुई आणायची. गुहेत सोन्याच्या राशी होत्या आणि त्यांना हात लावलेली माणसे सोन्याची होऊन उभी होती. सोन्याच्या शंभर सुयांत एक लोखंडाची होती. सोन्याची सुई जाड कापडात वाकते, हे सगुणेला ठाऊक होते. तिने लोखंडाची उचलली.

दुसरे, तळ्याकाठच्या यक्षिणीच्या केसाचा दोरा आणायचा. यक्षिणी शंभर वर्षे रडत होती आणि ती हसल्यावाचून तिचा केस तुटत नसे. सगुणेने एकेक कापड उलगडले. वांगे पाहून यक्षिणी रडली, गाढव पाहून अधिकच रडली. मिटलेल्या तोंडापाशी मात्र तिने विचारले, "हे कोणाचे?"

"लिहिलेले नाही," सगुणा म्हणाली. "पण सतरा गावांतून आले आहे."

यक्षिणी अशी हसली की तळ्याच्या लाटा काठावर आल्या. तिने आपल्या हाताने केस तोडून दिला.

तिसरे काम सांगताना मांत्रिकाने आपली उघडी पाठ तिच्याकडे केली. कोरड्याचा वळ सात वर्षांनीही ओला होता. तो म्हणाला, "आता निशाण शीव. त्यात तुमचे हसू हवे आणि माझी पाठही हवी."

सगुणेने सारी कापडे एकत्र शिवली. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तांबडी रेघ घातली. मांत्रिकाने विचारले, की राजा हे चढवील काय? ते आपल्याला ठाऊक नाही, असे तिने खरे ते सांगितले.

दोघे गडावर आले. थोरल्या महाराजांची बदनामी गडावर कायमची टांगणार काय, असे प्रधानांनी विचारले. राजाने रेघेवरून बोट फिरवले आणि सगुणेला तिचा अर्थ विचारला.

ती म्हणाली, "महाराज, हा आपल्या राज्याने मारलेला फटका आहे. हा झाकला, तर बाकीचे हसू खोटे."

धवलसेनांनी जोडे काढले, दोर आपल्या हाती घेतला आणि मांत्रिकाला म्हणाले, "माझ्या वडिलांचे चुकले."

निशाण वर गेले. कालजंघ मान उंचावून लोंबत्या निशाणाच्या घडीवर दिसणारा पाढा वाचू लागला आणि एकोणतीस सातेशी अडला. पंतोजींचा हिशेब चुकला होता. मांत्रिक हसला, आणि हसता हसता दचकून मागे पाहू लागला. मागे कोरडा नव्हता. मागे सारे मैदान हसत होते, आणि पंतोजी सर्वांत मोठ्याने. तेव्हा मांत्रिकाने मान लववली.

वारा आला. प्रधानांची पगडी गेली, छपरांवरचा सात वर्षांचा धूर उडाला, निशाण कडाडून उलगडले आणि तेरा गलबतांची शिडे एकदम फुगली. गुहेतली सोन्याची माणसे डोळे चोळीत आपापल्या घरी निघाली.

सगुणा कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. हरबा उतरला तो गेला तसाच, तरणा. तिचे केस मात्र पांढरे झाले होते. तिने पदर पुढे ओढला. त्याने तो हळूच मागे सारला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"मला भूक लागली आहे," तो म्हणाला.

सात वर्षांत ती त्याला प्रथमच लागली होती. सगुणेने त्याचा हात धरला आणि ती घराकडे निघाली. वाटेत खळ्याखळ्यांतून धान्य उफणले जात होते, आणि भुसा दोघांच्या डोक्यावर सोन्यासारखा पडत होता.

त्यांच्या शिडांत वारा भरला, तसा ऐकणाऱ्यांच्याही शिडांत भरो.