तीन कोपऱ्यांचं भोक

काल रात्रभर कुरतुडीचा डोळा लागला नाही.

कुरतुडी म्हणजे शाळेच्या कपाटातली उंदरीण. तिचं एकच पिल्लू, बिटकू. अंगणात वाळत घातलेली बिटकूची गोधडी शेळीनं खाल्ली. सगळी नाही. तीन कोपऱ्यांचं भोक पडेल एवढीच. आता गोधडी पांघरली, की बिटकूचा पाय उघडा.

"सर्दी झाली तर? आणि वाळत मीच घातली ना," कुरतुडी पुटपुटली.

सकाळी गोधडी डोक्यावर घेतली आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

झाडावर शिंपीण पाखरू पानाला पान शिवत होतं.

"शिंपीणताई, शिंपीणताई, गोधडी शिव. बिटकूचा पाय उघडा, पायाला थंडी."

"ठिगळ आण, मग शिवते."

तुरु तुरु तुरु. बिळात घूसमावशी. तिच्यापाशी चिंध्यांचा ढीग.

"घूसमावशी, घूसमावशी, ठिगळ दे. बिटकूचा पाय उघडा, पायाला थंडी. शिंपीण म्हणते ठिगळ आण."

"केवढं देऊ?"

कुरतुडी शिकलेली होती. वह्या कुरतडून कुरतडून शिकलेली. ती भोकाच्या कडेकडेनं चालली.

"चौदा पावलं," ती म्हणाली.

"अगं बाई, हे कुंपण मोजलंस. आतलं अंगण कुणी मोजायचं? चौकटीच्या वहीतली किती घरं आत मावतात, ते मोजून आण, मग देते."

कुरतुडी ओशाळली. वहीतलं नेमकं तेच पान कुरतडायचं राहिलं होतं.

तुरु तुरु तुरु. भिंतीपाशी मुंगी.

"मुंगीताई, मुंगीताई, घरं मोज. बिटकूचा पाय उघडा, पायाला थंडी. शिंपीण म्हणते ठिगळ आण. घूस म्हणते घरं मोज."

"गूळ आण, मग मोजते."

तुरु तुरु तुरु. शाळेत खिचडी रांधणाऱ्या शेवंताबाई बादली घेऊन बाहेरच उभ्या.

"शेवंताबाई, शेवंताबाई, गूळ द्या. बिटकूचा पाय उघडा, पायाला थंडी. शिंपीण म्हणते ठिगळ आण. घूस म्हणते घरं मोज. मुंगी म्हणते गूळ आण."

"आत कशी जाऊ गं बारके? दारात शेळी बसलीय. तिला उठव, मग देते."

तुरु... तुरु... तुरु. शेळी केवढी मोठी.

"शेळीबाई, शेळीबाई, ऊठ. बिटकूचा पाय उघडा, पायाला थंडी. शिंपीण म्हणते ठिगळ आण. घूस म्हणते घरं मोज. मुंगी म्हणते गूळ आण. शेवंताबाई म्हणतात शेळी उठव."

"गोधडी ना? खारट होती," शेळी म्हणाली. "कानामागे खाजवून दे, मग उठते."

कुरतुडीनं डोळे मिटले. शेळीच्या डोक्यावर चढली. खर खर खर. खर खर खर.

शेळी उठली.
शेवंताबाई आत गेल्या. गूळ दिला.
मुंगीनं गूळ चाटला. बहिणींना बोलावलं.

कुरतुडीनं कपाटातली चौकटीची वही उघडली. तिच्यावर गोधडी पसरली. भोकातून घरं दिसली. एका घरात एक मुंगी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

तिरप्या कडेला मात्र घरं अर्धीच. चार अर्धी घरं.

"अर्ध्या घरात मी कशी मावू?" एक मुंगी कुरकुरली.

"पोट आत घे," दुसरी म्हणाली.

"अर्धं आणि अर्धं, एक घर," मुंगीताई म्हणाली. "अर्धं आणि अर्धं, आणखी एक. सहा आणि दोन, आठ."

तुरु तुरु तुरु. "घूसमावशी, आठ घरं. सरळ कडा चार-चार घरांच्या."

घुशीनं एक चौकोन काढला. चार घरं लांब, चार घरं रुंद. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडला. फर्र. एका चौकोनाचे दोन त्रिकोण. एकात आठ घरं, दुसऱ्यात आठ घरं.

ठिगळ मिळालं.
शिंपिणीनं शिवलं. टुक टुक टुक.
बिटकूचा पाय झाकला. पायाला ऊब.

"बघ हं बिटकू," कुरतुडी म्हणाली. "चौकोन मधोमध तिरपा फाडला, की त्रिकोण होतो. चौकोनाच्या निम्मा. कळलं का रे? का मीच चुकीचं सांगितलं?"

बिटकूनं ठिगळावरून हळूच पंजा फिरवला.

"आई," तो म्हणाला, "चौकोनाला लागलं का गं?"