दोन घड्याळं आणि कोंडाबाईचं पाणी

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, रानं दाट होती, आणि माणसं मात्र आत्ताच्यासारखीच होती. हट्टी.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाचं पाणी सगळ्या शेतांना पाळीपाळीनं. पाळी सुरू झाली की पाणी सोडायचं, संपली की अडवायचं, हे काम पाटकऱ्याचं. पाटकऱ्याचं नाव हैबती. बावीस वर्षं त्यानं हे काम केलं होतं.

हैबती प्रामाणिक होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही त्याला चोर म्हणाल. तो चोर नव्हता. चोर असता तर बरं झालं असतं. चोराला धरता तरी येतं.

गावाकडे दोन जुनी घड्याळं होती. चांदीच्या डबीतली, तळहातावर मावणारी, एकसारखी. समुद्रापलीकडच्या मुलखातल्या एका कारागिराच्या आजानं ती बनवली होती. एक हैबतीच्या कमरेला असायचं, बंडीच्या आत, अंगाला लागून. दिवसाच्या पाळ्या त्यावर चालायच्या. दुसरं बंधाऱ्याजवळच्या दगडी चौकीत भिंतीला टांगलेलं. रात्रीच्या पाळ्या त्यावर, आणि ते राखणदार बघायचा. दर बाजाराच्या दिवशी भर दुपारी, काठीची सावली सगळ्यात आखूड झाली की हैबती दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून बारावर लावायचा. मग पुढच्या बाजारापर्यंत त्यांना कुणी एकत्र बघायचं नाही.

दर सात वर्षांनी हैबती ती घड्याळं घेऊन परदेशी जायचा. जाऊन येऊन तीन महिने. राजधानीत घड्याळवाले नव्हते असं नाही. पण त्यांच्याकडून परत आलेल्या घड्याळात आपलं काय राहिलं आणि दुसऱ्याचं काय बसलं, हे देवालाच ठाऊक. परदेशातला म्हातारा कारागीर तसला नव्हता. तो घड्याळ उघडायचा, एकेक चाक धुवायचा, तेलाचा थेंब सुईच्या टोकानं ठेवायचा, आणि झिजला नसेल तर साधा खिळाही बदलायचा नाही. त्या एका माणसासाठी हैबती समुद्र ओलांडायचा.

आता कोंडाबाई. पाटाच्या शेपटाला तिचं शेत. कांद्याचे बारा वाफे, बस. तिची पाळी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा ते नऊ. तिच्या आधीची पाळी पाटलाची. सहाला हैबती कमरेचं घड्याळ बघून पाटलाचं पाणी तोडायचा, कोंडाबाईकडे वळवायचा आणि घरी जायचा. नऊला राखणदार चौकीतलं घड्याळ बघून ते अडवायचा. आणि दर खेपेला कोंडाबाईचे दोन वाफे कोरडे राहायचे.

"पाटकरीदादा, माझं पाणी तोकडं पडतंय," ती म्हणायची.

"सहा म्हणजे सहा आणि नऊ म्हणजे नऊ. घड्याळ कुणाच्या बापाचा नोकर नाही, कोंडाबाई."

"मला घड्याळ कळत नाही. वाफे कळतात. दहा भिजतात, दोन राहतात."

"मग चारीला उंदरांनी भोकं पाडली असतील. लिंपून घे."

"लिंपली की! माझा नवरा हेच ओरडत ओरडत गेला. त्यालाही तुम्ही उंदीरच दाखवलेत."

हैबतीला राग यायचा. आपण कधी कुणाचा कांदा उचलला नाही, पाटलाची मुर्वत ठेवली नाही, सख्ख्या भावाचं पाणीही वेळेवर तोडलं. असं असताना ही बाई तोंड वर करून बोलते म्हणजे काय! बावीस वर्षांचा प्रामाणिकपणा असला की माणसाला कान राहत नाहीत. नुसतं तोंड राहतं.

एका बाजाराच्या दिवशी कोंडाबाई चावडीवर आली. त्या आठवड्यात तिचे तीन वाफे वाळले होते. सगळ्या गावासमोर ती ओरडली, "पाटकरी माझं पाणी चोरतो!"

हैबतीनं नुकतीच घड्याळं लावली होती. त्यानं दोन्ही डब्या धाडकन पाटलासमोर ठेवल्या. "बघा! सगळ्यांनी या आणि बघा!" लोक वाकून बघू लागले. काट्याला काटा जुळत होता. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. अर्ध्या तासापूर्वी लावलेली घड्याळं जुळणार नाहीत तर काय करतील? पण एवढं डोकं चालवायला कुणाला सवड होती? बाईला खोटं पाडायला मिळत होतं, तेवढं त्यांना पुरे झालं.

पाटील म्हणाला, "यंदा घड्याळं परदेशी न्यायचंच साल आहे. हैबती, त्या कारागिराकडून लिहून आण. घड्याळं खराब निघाली तर तुझं काम बंद. चांगली निघाली तर या बाईची पाळी बंद. कायमची."

कोंडाबाईचा चेहरा उतरला. पाळी गेली म्हणजे शेत गेलं. पण ती मागं हटली नाही. "चालेल," म्हणाली. "न्या तुमची घड्याळं."

तोवर पाळ्या जुन्या पद्धतीनं चालवायचं ठरलं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की एक घटका.

हैबती निघाला. गलबतावर महिनाभर त्यानं भेटेल त्याला कोंडाबाईची गोष्ट सांगितली. सुकाणू धरणाऱ्याला सांगितली, मिरीच्या व्यापाऱ्याला सांगितली, भाषा न कळणाऱ्या एका जोगड्यालाही सांगितली. सांगेल तसा राग वाढत गेला. बंदरावर उतरला तेव्हा कोंडाबाई त्याच्या मनात चेटकीण होऊन बसली होती.

कारागीर आणखी म्हातारा झाला होता, पण हात थरथरत नव्हते. आजाच्या वेळेपासून या गावाची घड्याळं त्यांच्याकडे येत होती, म्हणून मोडकीतोडकी का होईना, इकडची भाषा तो बोलायचा. तीन दिवस तो घड्याळांवर वाकून बसला. चौथ्या दिवशी त्यानं चिठ्ठी लिहिली: दोन्ही घड्याळं उत्तम आहेत, त्यांत कसलाही दोष नाही. खाली सही केली.

हैबतीनं ती कपाळाला लावली. "आता बघतो त्या बाईला!"

"कुठल्या बाईला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

हैबतीनं इथंही सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. मग म्हणाला, "ही घड्याळं राहतात कुठं?"

"एक माझ्या कमरेला. रात्री उशीखाली. दुसरं चौकीत, भिंतीला."

"चौकी गार असते?"

"पाण्याकाठची दगडी चौकी. उन्हाळ्यातही घोंगडी लागते."

"बाजाराच्या दिवशी लावतोस तेव्हा काटे हलवावे लागतात?"

"थोडे लागतात. जुनी यंत्रं, सरकायचीच."

"कमरेच्या घड्याळाचा काटा कुठं सरकवतोस?"

"पुढं."

"आणि भिंतीवरच्याचा?"

"मागं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

म्हाताऱ्यानं हातातला चिमटा मेजावर आपटला. "बावीस वर्षं! बावीस वर्षं एक पुढं ढकललंस, दुसरं मागं ओढलंस, आणि एकदाही विचारलं नाहीस, असं का? अरे, ऊब लागली की आतली कमान ढिली पडते, घड्याळ रेंगाळतं. गारठ्यात ती ताठ होते, घड्याळ पळतं. आठवडा संपता संपता तुझ्या कमरेला सहा उशिरा वाजतात आणि चौकीत नऊ लवकर वाजतात. सहा एका घड्याळाचे, नऊ दुसऱ्याचे. मधे कोण चिरडलं?"

हैबतीच्या कानशिलात रक्त चढलं. तो ओरडला. "मग आधी का नाही सांगितलंस? याआधी दोनदा आलो होतो!"

"दोनदा तू विचारलंस, घड्याळं चांगली आहेत का? चांगलीच होती. कुठं ठेवतोस ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तेवढा गुन्हा माझाही आहे. बाकीचा तुझा."

"मग हे चिठ्ठीत लिही."

"चिठ्ठीत मी घड्याळांचं लिहितो," म्हातारा म्हणाला. "तुझं तू बोल. तोंड आहे ना तुला? बाईला शिव्या देताना तर चांगलं चालत होतं."

परतीच्या वाटेवर हैबती कुणाशीच बोलला नाही. चिठ्ठी बंडीत होती आणि ती खरी होती. हेच तर वाईट होतं. खोटी चिठ्ठी माणूस फाडून टाकतो. खऱ्या चिठ्ठीच्या आडून खोटं बोलायचं असलं की ती जपून ठेवतो. नुसती वाचून दाखवायची, बस. नोकरी राहील, नाव राहील. तिकडचं बोलणं ऐकायला गावातलं कोण आलं होतं? महिनाभर हे त्याच्या डोक्यात घोळत होतं. कोंडाबाईवरचा राग जागच्या जागी होता, फक्त आता तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं.

गावात शिरताना वाट कोंडाबाईच्या बांधावरून होती. हैबती थांबला. बाराच्या बारा वाफे हिरवे होते. कांद्याची पात गुडघ्याला टेकत होती.

कोंडाबाई खुरपं घेऊन उभी राहिली. "आलात? आणखी चार महिने राहायचं होतं तिकडं. तुमचं घड्याळ गावात नसलं की माझे वाफे भिजतात."

एरवी हैबतीनं तिला फाडून खाल्लं असतं. आज तो मान खाली घालून पुढं गेला.

चावडी भरली. हैबतीनं चिठ्ठी वाचली. दोन्ही घड्याळं उत्तम, कसलाही दोष नाही. लोकांनी माना डोलावल्या. पाटील म्हणाला, "संपलं. आजपासून कोंडाबाईची पाळी बंद."

कोंडाबाईनं खुरपं पदरात गुंडाळलं आणि ती उठली.

"थांब!" हैबती इतक्या जोरात ओरडला की पाटलाच्या हातातलं पान पडलं. "बस खाली, कोंडाबाई. घड्याळं चांगली आहेत. मी गाढव आहे!" आणि त्यानं सगळं सांगितलं. ऊब सांगितली, गारठा सांगितला, पुढं आणि मागं सरकवलेले काटे सांगितले.

पाटील हसायला लागला. "समुद्राच्या प्रवासानं डोकं फिरतं, हैबती. चिठ्ठी वाचलीस ना? मग झालं."

"तुमच्या पाळीला पाणी जास्त गेलं, पाटील. तिचं जायचं ते तुमच्याकडे जात होतं. तुम्ही चोर नाही, मीही नाही. पण पाणी गेलं ना?" हैबतीचा आवाज फाटला. "तीन महिने वाटीवर पाळ्या चालल्या. जाऊन तिचे वाफे बघा! मी सांगतो म्हणून नको, डोळे आहेत ना तुम्हाला!"

आता कुणी हसलं नाही. वाफे सगळ्यांनीच पाहिले होते. पाहिले होते आणि गप्प बसले होते.

पाटलानं कोंडाबाईची पाळी बंद करण्याचं पुन्हा नाव काढलं नाही. मात्र हैबतीचं काम त्याच बैठकीत गेलं. घड्याळं एका पेटीत, एका खोलीत ठेवली गेली, आणि ज्या घड्याळानं पाणी सोडायचं त्यानंच अडवायचं असं ठरलं. पाटलाचा ऊस त्या साली जरा खुजा राहिला.

हैबतीचं स्वतःचं थोडं शेत होतं, त्याला स्वतःची पाळी होती. दुसऱ्या दिवशी तो कोंडाबाईच्या बांधावर गेला. "माझी पाळी यापुढं तुझी," म्हणाला. "मी कोरडवाहू पेरीन. आणि मला माफ कर."

कोंडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला तिचा नवरा आठवला असेल, उंदीर आठवले असतील.

"पाणी घेते," ती म्हणाली. "माफीचं नाही सांगता येत."

हैबती मरेपर्यंत त्या बांधावरून जाताना मान खाली घालून गेला, आणि तिनंही त्याला कधी वर बघायला सांगितलं नाही.

तात्पर्य: आपलं मन साफ आहे एवढ्यावरून आपलं माप बरोबर ठरत नाही, म्हणून ज्याच्या हाती माप आहे त्यानं कुणी ओरडलं की आधी स्वतःला तपासावं.