मधपेट्यांच्या ट्रकला टर्बो

"पण बाबा, यात चूक काय आहे तेवढं सांगा."

"चूक आहे असं कोण म्हणालं?"

"तुम्ही गप्प बसलात."

"चहा पीत होतो."

जयराज ओशाळला. हंसगिरीबाबांनी कप ओट्यावर ठेवला आणि अंगणातल्या ट्रककडे पाहिलं. लष्कराच्या लिलावात मिळालेला, पेट्रोलवर चालणारा, कार्बुरेटरचा जुनापुराणा ट्रक. वयाने जयराजपेक्षा मोठा. बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या कडेला जयराजची हत्यारं मांडलेली होती.

मठ घाटाच्या पायथ्याशी होता. मठाचा संसार चालायचा मधावर. पावसाळा सरला की पेट्या खाली शेतांच्या कडेला, आणि वर पठारावर जांभूळ फुलू लागली की सगळ्या पेट्या ट्रकमध्ये भरून वर. दिवेलागणीला माश्या घरात आल्या की पेट्यांची दारं जाळीने बंद करायची आणि पहाटे निघायचं. ऊन चढायच्या आत वर पोचायचं. बंद पेटीत माशीला ऊन सोसत नाही.

आणि भरलेला ट्रक घाटात माणसाच्या चालीने चढायचा.

गेल्या वर्षी तर तो तापून मध्येच उभा राहिला होता. वर पोचेपर्यंत बऱ्याच पेट्यांमधून मेण वितळून ठिबकत होतं. मेलेल्या माश्या जयराजने ओंजळींनी बाहेर काढल्या होत्या. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

मठात येण्याआधी जयराज पुण्यात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचा. आईसाठी मध न्यायला म्हणून आला आणि राहिला. बाबांजवळ बसलं की आतला गोंगाट कमी होतो, असं तो म्हणायचा. पण हातातली कला आणि तिचा ताठा, दोन्ही तो बरोबर घेऊन आला होता.

"काय म्हणालास, काय बसवायचं?" बाबांनी विचारलं.

"टर्बो. इंजिनातून धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"म्हणजे पंखा चालतो इंजिनाच्या जोरावर."

"हो."

"आणि इंजिन?"

"ते... पंख्याच्या जोरावर."

बाबा हसले.

"एकमेकांना चढवणारी जोडी आहे की."

"बाबा, चेष्टा नको. घाट निम्म्या वेळात पार होईल. एकही माशी मरणार नाही."

"मग बसव."

जयराज नकाराची तयारी करून आला होता. दोन रात्री जागून त्याने एकेक मुद्दा घोटून ठेवला होता. ते सगळे मुद्दे तसेच पोटात राहिले, आणि त्याला उगाचच चुकल्यासारखं झालं.

त्याने भंगार बाजारातून एका डिझेल ट्रकचा टर्बो आणला. बाबांनी मठाच्या मागची पडवी त्याला मोकळी करून दिली. दाबाखालची हवा गळू नये म्हणून त्याने कार्बुरेटरच्या फटी बंद केल्या, पेट्रोल सोडणारे जेट मोठे घातले, पाइप वाकवून घेतले, वेल्डिंग स्वतः केलं. पेट्रोलचा पंप तेवढा जुनाच ठेवला. दाबाच्या हवेसमोर पेट्रोलही तितक्याच जोराने यायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. पण एकदा पंप हातात धरून त्याने पाहिला आणि ठरवलं, चालेल.

रिकामा ट्रक पहिल्यांदा घाटात नेला तेव्हा टर्बोने बारीक शीळ घातली आणि तो जुना ट्रक वासरासारखा उधळला. जयराज खिडकीतून ओरडतच मठात परत आला.

"कसा वाटला आवाज?"

"छान."

"एवढंच?"

"फार छान," बाबा म्हणाले, आणि पेटीतल्या पोळ्याकडे वळले.

जांभूळ फुलली. साठेक पेट्या ट्रकवर चढल्या. पहाटेच्या गारव्यात दोघे निघाले. नव्या रस्त्यावर काम चाललं होतं, म्हणून त्यांनी जुन्या घाटाची वाट धरली. वाट लांबची होती, पण तिथे फारशी रहदारी नव्हती.

पहिली वळणं ट्रक गात गात चढला. जयराजने दोनतीनदा बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते. निदान आज तरी त्यांनी जागं राहायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

मग चढ वाढला.

आणि टर्बोच्या शिळेच्या आवाजाखालून एक टकटक सुरू झाली.

अगदी हलकी. कुणीतरी बोटाच्या पेराने पत्रा वाजवावा तशी. जयराजला ती पहिल्याच ठोक्याला ओळखू आली. इंजिन ठोकत होतं. हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं, म्हणून आत वेळेआधीच भडका उडत होता. तापमानाचा काटा वर सरकू लागला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायला हवा होता.

त्याने पाय काढला नाही. उलट तो बोलू लागला. पठारावर यंदा बहर चांगला आहे, कुठल्या पेट्या कुठे ठेवायच्या... मोठमोठ्याने बोलत राहिला.

बाबांनी डोळे उघडले.

"ऐकू आलं?"

"काय?"

एक वळण गेलं. दुसरं गेलं. टकटक आता दोघांच्या मध्ये बसली होती.

"...आलं," जयराज म्हणाला.

"केव्हापासून?"

"मघापासून."

"मग थांबव."

"बाबा, आता थांबलो तर ऊन गाठेल. थोडंच उरलंय."

"किती?"

जयराजला खोटं बोलवेना.

"निम्मा घाट."

"थांबव, बाळा."

एका रुंद वळणावर, कातळाच्या कडेला, त्याने ट्रक उभा केला. इंजिन बंद होताच रेडिएटरमधून फुसफुस वाफ निघाली. मग तीही शांत झाली आणि मागून दुसराच आवाज ऐकू येऊ लागला.

माश्यांचा.

रोजची ती गुणगुण नव्हती. आत कोंडलेल्या हजारो पंखांचा घोंघाट होता तो. दिवस वर आला होता आणि कातळ तापायला लागला होता. जयराजने एका पेटीवर हात ठेवला नि झटकन मागे घेतला. लाकूड जिवंत असल्यासारखं थरथरत होतं.

"अर्धा तास द्या मला," तो म्हणाला. "पाणी घालतो, पाइप सोडवतो... अर्ध्या तासात निघतो, बाबा. अर्धाच तास!"

बाबांनी उपरणं डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलं. ते ट्रकच्या फळीवर चढले. वयाच्या मानाने चपळ चढले. आणि त्यांनी पहिल्या पेटीची जाळी उपसून काढली.

"बाबा! काय करताय?"

दुसरी जाळी निघाली.

"उडून जातील त्या! ही जागा त्यांच्या ओळखीची नाही! सातेरी माशी आहे ही, एकदा बिथरली की पेटी सोडून जाते, हे तुम्हीच शिकवलंत मला!"

"हो," बाबा म्हणाले. तिसरी जाळी निघाली.

माश्या धुरासारख्या उसळून बाहेर आल्या. जयराज खाली उभा होता. वर्षभराची मेहनत, मठाचा वर्षाचा मध, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत हवेत चाललं होतं. एक माशी त्याच्या कानाला डसली. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

पलीकडच्या बाजूच्या पेट्या अजून घोंघावत होत्या. बाबांचा हात तिथे पोचायला वेळ लागणार होता.

जयराज चाकावर पाय देऊन वर चढला आणि त्या बाजूच्या जाळ्या स्वतः काढू लागला.

शेवटची जाळी निघाली तेव्हा दोघांचे हात सुजले होते.

"आता?" जयराजने विचारलं.

"आता ट्रक हलवायचा नाही. जिथून उडाल्या तिथेच शोधत येतील, आल्या तर. अंधार पडेपर्यंत आपण इथेच."

"आणि तोवर मी काय करू?"

"तुझं काम पडलंय की."

वरच्या धनगरवाड्यातली ठकूबाई शेळ्या घेऊन आली. माश्यांचं मोहोळ बघून लांबच उभी राहिली.

"बाबा, गाडी तापली जनू?"

"गाडी तापली, गाडीवाला तापला, माश्या तापल्या."

"मंग पानी आनू का ताक?"

"दोन्ही आण, बाई."

तिने खापराच्या घागरीतून पाणी आणलं. बाबांनी गोणपाटं भिजवून पेट्यांवर टाकली. उरलेलं पाणी, इंजिन निवल्यावर, जयराजने रेडिएटरमध्ये घातलं. मग तो बॉनेटखाली वाकला.

घाई करायची सोयच उरली नव्हती. सुरुवातीला त्याला ते सहन होईना. पाना हातातून निसटायचा, मान सारखी पेट्यांकडे वळायची. हळूहळू हात ठिकाणावर आले. त्याने पेट्रोलची नळी सोडवली, पंप चालवून बघितला. धार आली, पण तिला जोर नव्हता. पंपाकडे बघता बघता तो खाली दगडावर बसला.

"पंप, बाबा."

"काय झालं पंपाला?"

"त्याला काही नाही झालं. तो जुना आहे, त्याच्याने एवढा दाब होत नाही. बदलायला हवा होता. मला माहीत होतं. मी म्हटलं, चालेल."

"हं."

"टर्बोत खोट नव्हती. मीच..."

"ताक घे," बाबा म्हणाले.

त्याने ताक घेतलं. इतकं थंड आणि इतकं आंबट ताक तो कधी प्यायला नव्हता. बाबा रागावतील याचीच आपण वाट बघत होतो, हे त्याला आता उमगलं.

टर्बोतून कार्बुरेटरकडे जाणारा पाइप त्याने काढून ठेवला. हत्यारांत पडलेले जुने जेट परत घातले. इंजिन आता पहिल्यासारखं स्वतःच हवा ओढेल आणि पंखा नुसताच मोकळ्या हवेत फुंकत राहील. ट्रक सावकाश चढेल, पण चढेल. मग तो वळणाकडेच्या एका आंब्याच्या सावलीत आडवा झाला आणि चक्क झोपला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ट्रककडे सामसूम होती.

तो धावत गेला, एका पेटीला कान लावला. आत थोडीशी कुजबुज. दुसऱ्या पेटीत तेवढीही नव्हती.

"गेल्या, बाबा."

बाबा कातळावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी दरीकडे पाहिलं. त्यांचे हात शेंगांवर थांबले होते.

सावली लांबत वळणापर्यंत आली. वारा गार झाला.

आधी एक माशी आली. पेटीच्या दाराशी घुटमळली, आत गेली. मग चारपाच आल्या. मग दरीतून, जांभळीच्या झाडांवरून, कड्याच्या पोटातून त्या येऊ लागल्या. उफणलेलं धान्य उलटं सुपात यावं तशा. त्यांच्या पायांना पिवळे परागकण चिकटले होते. दिवसभर त्या कामाला गेल्या होत्या.

जयराज खाली बसला. तो हसत होता आणि सुजलेल्या हाताने नाक पुसत होता.

ठकूबाई लांबूनच ओरडली, "आल्या का रं लेकी?"

"आल्या, मावशी! आल्या!"

सगळ्या नाही आल्या. दोनतीन पेट्या रिकाम्याच राहिल्या. बाबांनी त्यांच्यावर हात फिरवला आणि जाळ्या बाकीच्यांना लावल्या. अंधार पडल्यावर ट्रक निघाला, आपल्या जुन्या चालीने. जयराजने सबंध घाटात एक शब्द काढला नाही. तो फक्त इंजिन ऐकत होता. टकटक नव्हती.

सकाळी पठारावर, फुललेल्या जांभळीखाली, पेट्या ओळीने मांडून झाल्या. दारं उघडली. माश्या उन्हात निघाल्या, झाडाभोवती एक घिरटी घालून जागा बघून आल्या आणि फुलांवर गेल्या. जयराजने उभ्याउभ्या डोळे मिटले. कितीतरी वेळाने त्याला सडकून भूक लागली होती.

"खाली गेल्यावर तो टर्बो काढून टाकतो, बाबा."

"का? त्याने काय वाईट केलं?"

"...मग पंप बदलतो."

"बदल."

बाबांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दोघे झाडाला टेकून बसले. सगळीकडे गुणगुण भरून राहिली होती, रोजची, शांत.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"त्या परत येतील हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाही."

जयराज त्यांच्याकडे वळला.

"मग... मग दारं उघडलीत कशी?"

बाबांनी बाहीवर बसलेली एक माशी बोटावर घेतली आणि ती उडेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

"आत मरत होत्या रे."