ठकूबाईच्या मडक्यातली शेवटची पळी

भाविकहो, दुष्काळाच्या त्या भयंकर साली केवळनाथ महाराज माळकोंडीच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. गावाबाहेर सरकारने खडीचे काम काढले होते. दिवसभर खडी फोडणाऱ्याला पत्र्याचा बिल्ला मिळे आणि बिल्ला दाखवला की संध्याकाळी शेरभर ज्वारी. सरकारचा हा उपकार खराच. त्यावर चारशे माणसे तगली होती. पण ज्यांना हातोडाच उचलवत नसे, त्या म्हाताऱ्यांना आणि दुखणाईतांना बिल्ला कुठला?

त्यांच्यासाठी ठकूबाई नावाची विधवा परटीण दारोदार फिरे. महाराजांच्या सांगण्यावरून बाया जात्यावर बसण्याआधी मूठभर दाणे बाजूला काढून ठेवीत. त्यांची आंबील करून ती देवळापुढे वाढी.

मामलेदार त्र्यंबकरावांना हे खपेना. "सरकार मेलंय का गं? तुझ्या मडक्यावर राज्य चालतं वाटतं?" असे तिला चारचौघांत हिणवून त्यांनी हुकूमच काढला. जो ही आंबील पिईल, त्याच्या घरातले सारे बिल्ले जप्त! त्या दिवसापासून म्हातारी माणसे मडक्याकडे बघत आणि मान फिरवत. सुनेचा बिल्ला गेला तर नातवंडे मरतील, ही भीती. काय वेळ आली हो माणसांवर!

आणि धान्याच्या गाड्याच येईनात. वाटेत पाणी न मिळून बैल कोसळले होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चारशे माणसे हातोडे घेऊन कचेरीभोवती जमली. कुणी ओरडत नव्हते, त्यानेच अंगावर काटा येत होता. शिपाई पळाले. त्र्यंबकराव आतून कडी लावून उभे राहिले. दारावर पहिला घाव बसला.

ठकूबाई महाराजांच्या पायांशी कोसळली. "म्हाराज, लई भ्या वाटतंय. आज मानूस मारत्याल. अन् मडक्यात धा जनांपुरती आंबील हाय."

महाराजांनी आपली कांबळी मडक्यावर घातली. म्हणाले, "कचेरीच्या दाराशी जाऊन बैस. मडक्यात डोकावू नकोस, वाढत राहा."

हातोड्यांमधून वाट काढत ती गेली आणि दाराला पाठ लावून बसली. "घ्या रं लेकरांनो," ती म्हणाली. पुढच्या गड्याने तिच्याकडे पाहिले, हातोडा खाली ठेवला आणि ओंजळ पुढे केली. मग दुसऱ्याने. पळी कांबळीखाली जाई आणि भरून येई! चारशे ओंजळी भरल्या, तेव्हा दुरून गाड्यांची घुंगरे ऐकू आली.

फटीतून सारे पाहिलेले त्र्यंबकराव दार उघडून बाहेर आले. तोवर महाराजही देवळातून तिथे येऊन उभे होते. "महाराज, हे मडकं असंच भरलेलं राहू द्या. मग गाड्यांची चिंता नको."

महाराज कडाडले, "रोज चारशे पोटं भरायचं काम तुझं, ते देवावर ढकलू नकोस! पण तुझ्या बिल्ल्याला जो दिसत नाही, तो हिला दिसतो. तिचा हात अडवू नकोस." मग हळूच म्हणाले, "मडक्यात एक पळी उरली आहे. तूही उपाशी आहेस ना?"

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. "माझ्याकडे बिल्ला नाही," ते पुटपुटले.

"कुनी मागितला, दादा?" ठकूबाई म्हणाली आणि तिने पळी पुढे केली.

आंबील पिऊन त्र्यंबकरावांनी आधी महाराजांना दंडवत घातला आणि मग, साऱ्या माळकोंडीदेखत, त्या परटिणीच्या पायांवर डोके ठेवले.